एरिस आणि बांधावरचा दगड

हरभऱ्यावर आंब धरते ते दिवस. पहाटे दादांच्या रानाच्या कडेने चालताना साडीच्या काठाला ती आंबट, थंडगार ओल लागते, पलीकडच्या शिवारात पेटवलेल्या उसाच्या पाचटाचा धूर जमिनीलगत सरकत येतो, आणि या दोन वासांच्या मधून सूर्य हळूहळू वर येतो. अशा घटकेला माणसाने प्रसन्न असावे, निदान निवृत्त माणसाने तरी. मी मात्र गेल्या हिवाळ्यात नेमक्या याच वेळी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर उभी राहून, हातातला फोन डोळ्यांसमोर धरून, एका दगडावर पाळत ठेवीत होते.

तो दगड हद्दीचा. एका अंगाला आमचे उसाचे रान, दुसऱ्या अंगाला दादांचे हरभऱ्याचे, आणि मधल्या बांधावर गुडघ्याएवढा, चुना फासलेला तो काळा दगड. दादा म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले बंधू. हे फौजेतून सुभेदार होऊन परतले, मी सांगलीच्या शाळेतून विज्ञान शिकवून मोकळी झाले, आणि कुंडलच्या पुढे, ह्यांच्या गावी, आम्ही दोन खोल्यांचे घर बांधले. रानाची वाटणी झाली तीही अगदी गोडीगुलाबीने. ह्यांनी विहिरीकडची बाजू मागितली, दादांनी "घे की" म्हटले, आणि विषय तिथेच संपला. पण वर्ष उलटते न उलटते तोच हे एक दिवस रानातून लालबुंद होऊन आले आणि म्हणाले, "दादा बांध कोरतोय."

आमच्या भागात या तीन शब्दांचे वजन फार. नांगराच्या प्रत्येक फेरीत शेजाऱ्याची बोटभर माती आपल्या बाजूला ओढायची, बांध बारीक होत जातो, आणि एखाद्या पावसाळ्यानंतर दगडही गुपचूप दोन पावले पुढे गेलेला असतो. माणसे इथे शिवीगाळ विसरतात, मारामारी विसरतात, कोरलेला बांध विसरत नाहीत. त्या दिवसापासून दोन्ही घरांमधले बोलणे थांबले. ह्यांनी तर जाहीरच केले की बांधाचा निकाल लागल्याशिवाय दादांच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. आणि फाल्गुनात मुक्ताचे लग्न होते. मुक्ता ही दादांची लेक; कॉलेजची सगळी वर्षे ती सांगलीला माझ्यापाशी राहिली, माझ्याच ताटात जेवली, माझ्याच कुशीत रुसली. मला मुलगी नाही. तिच्या अंगाला हळद लागत असताना मी अर्ध्या हाकेच्या अंतरावर घरात बसून राहायचे, या कल्पनेने माझा जीव कासावीस होई.

म्हणून मला पुरावा हवा होता. खरे सांगायचे तर संशय हा माझा स्थायिभाव आहे. माझे माहेर खंडाळ्याकडचे, घाटावरच्या थंड हवेच्या नव्हे, पावसाच्या सावलीतल्या कोरड्या खंडाळ्याकडचे. तिथे आभाळात ढग आला तरी माणसे आनंदण्याआधी तो कुणाच्या शिवारावर चाललाय हे बघतात. ह्यांच्या बोलण्यावर माझा पुरता विश्वास नव्हता आणि दादांच्या गप्प राहण्यावर तर मुळीच नव्हता. निर्दोष माणूस इतका शांत कसा राहील?

पाळत ठेवण्याची रीत मी एरिसकडून घेतली. शाळेत असताना नवव्या इयत्तेला सूर्यमाला शिकवायची म्हणजे तिच्याशी गाठ पडायचीच. नेपच्यूनच्याही पलीकडे, जिथे सूर्याचा प्रकाश पोचायला तेरा तास लागतात, तिथे हा एवढासा बटुग्रह फिरतो आहे. प्लूटोहून किंचित लहान, पण वजनाने भारी. सूर्याभोवतीची त्याची एक फेरी साडेपाचशे वर्षांहून मोठी. तो सापडला आणि प्लूटोचे ग्रहपद गेले, भिंतीवरच्या तक्त्यात नवाचे आठ झाले. नाव तरी किती समर्पक दिले! ग्रीकांची ही कलहाची देवी. देवांच्या एका लग्नाला तिला एकटीलाच बोलावले नाही, म्हणून भरल्या मांडवात तिने भांडणाचे फळ टाकले. वर्गातल्या मुली हमखास विचारायच्या, बाई, एवढ्या लांबचा एवढासा ठिपका दिसला कसा? मी सांगायची, आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रे घेतली, ती एकामागून एक ठेवून पाहिली. सगळे तारे जागच्या जागी होते आणि एकच ठिपका सरकलेला होता. तोही इतका सावकाश, की पहिल्या खेपेला संगणकाने त्याच्याकडे लक्षच दिले नाही, जुनी छायाचित्रे पुन्हा चाळली तेव्हा तो हाती लागला.

तेच मी केले. ऊस तुटून गेला होता, खोडव्याचे कोंब अजून वीतभरच होते, दगड पायरीवरून स्वच्छ दिसायचा. दर रविवारी त्याच पायरीवर, त्याच वेळी, दाराच्या चौकटीला खांदा टेकून मी एक फोटो घ्यायची. आणि दुपारी हे वामकुक्षीला पडले की स्वयंपाकघरात बसून फोटो मागेपुढे सरकवीत राहायची. मागे बाभूळ तिथेच, खांब तिथेच, दूरच्या डोंगराची रेघ तिथेच. दगडही तिथेच. मनातल्या मनात थोडी हिरमुसले, हे लिहायला संकोच वाटतो; माणूस संशय घेतो तेव्हा तो खरा ठरावा अशीही त्याची एक इच्छा असते.

मराठीत आपण किती सहज म्हणतो, "त्यांच्याविषयी माझा असा ग्रह झाला." आकाशातला ग्रह आणि मनातला ग्रह एकाच शब्दाने ओळखणारी आपली भाषा, ग्रह म्हणजे जो धरतो, पकडून ठेवतो तो. मोठे ग्रह पत्रिकेत मांडता येतात, त्यांच्या शांतीही करता येतात. पण मनाच्या अगदी कडेला, उजेड पोचत नाही अशा ठिकाणी, हे असले बटुग्रह फिरत असतात. एरिसवर म्हणे हवाच गोठून जमिनीवर पडलेली आहे, म्हणून ती ताज्या हिमासारखी लख्ख दिसते. कधी काळी सूर्याजवळ येईल तेव्हा त्या हिमाची पुन्हा हवा होईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आमच्या दोन घरांमध्येही बोलण्याचे तसेच झाले होते. दिसायला सगळे स्वच्छ होते, आणि श्वास मात्र घेता येत नव्हता.

माघ लागला आणि एका रविवारी दगड हलला. संशयाला जागाच नव्हती. बाभळीच्या बुंध्याशी जुळणारी त्याची कड आता खांबाकडे झुकली होती. पण सरकला होता तो दादांच्या बाजूला. दादांच्याच रानात, दादांच्याच हरभऱ्यावर. मी फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. आधी माझा संशय माझ्या पायावर गेला, कदाचित पायरीवर वेगळी उभी राहिले असेन. मग उन्हावर, मग फोनवर. आणि मग, लाज वाटते, पुन्हा दादांवरच. आम्हाला चारचौघांत खोटे पाडायला त्यांनीच तर दगड मागे घेतला नसेल?

वर्गात शेवटी सांगायची ती गोष्ट मला तेव्हा आठवली. एरिस इतकी दूर आहे की एका रात्रीत तिची स्वतःची चाल जवळजवळ कळतच नाही. छायाचित्रात ती सरकलेली दिसते ती मुख्यतः आपली पृथ्वी चालत असते म्हणून. मुलींना हे फार गमतीचे वाटायचे. मला त्या दुपारी मुळीच गमतीचे वाटले नाही. मी उठले आणि परसातल्या कोनाड्यात गेले, जिथे ह्यांची हत्यारे फौजी शिस्तीने घासूनपुसून उभी असतात. फावडे कोरडे होते, कुदळ कोरडी होती. पहारेच्या टोकाला ओली काळी माती होती.

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्याची टाचणी उचलली नाही, त्याने हे का करावे? मला राग आला, आणि त्याहून अधिक भीती वाटली. ह्यांना काही न विचारता मी सरळ दादांच्या घरी गेले, थोरल्या जाऊबाईंकडे, ज्यांना सारे आक्का म्हणतात. दादा बाजारला गेले होते. मी फोन पुढे केला, तर आक्कांनी त्याकडे बघितलेही नाही.

"आमाला म्हाईत हाय, बाई," त्या म्हणाल्या. "लय दिसापास्नं बांद त्योच कोरतोय, दगडाला हात आत्ता लावला. मालक रोज सकाळी बगून येत्यात. म्हणत्यात, कुनी त्वांड उगडू नगा. उबी उमर त्येनं बरफात काडली, घिऊ द्या वीतभर."

हे ऐकून डोळे भरून यायला हवे होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे औदार्य आहे की आमच्यावर साठवून ठेवलेले उपकाराचे ओझे? आक्का चहा करायला आत गेल्या आणि काचेच्या कपाटातले, सोनेरी काठाचे, बशीवाले कप घेऊन आल्या. स्वतःसाठी त्यांनी नेहमीचा स्टीलचा पेला घेतला. त्या कपाकडे बघता बघता मला वर्षांमागची वर्षे दिसू लागली. हे सुट्टीवर यायचे तेव्हा याच कपातून चहा, बसायला खुर्ची, निजायला नवी सतरंजी, आणि रानात काही करायला गेले की दादांचे ठरलेले वाक्य, "तू ऱ्हाऊ दे रं, तू दोन दिसाचा पावना." सुट्टी संपली, नोकरी संपली, माणूस कायमचा घरी आला. कप तोच राहिला.

दिवेलागणीला घरी आले. हे कट्ट्यावर शेंगा फोडीत बसले होते. मी समोर उभी राहून एवढेच म्हटले, "दादांना सगळं माहीत आहे. पहिल्यापासून."

हे एरवी माझ्याशी पलटणीतल्या हिंदीची फोडणी दिलेली स्वच्छ मराठी बोलतात. हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हाईत हुतं त्येला?" ते म्हणाले. "आन तरी आला न्हाई?"

ती शेंग त्यांनी न फोडताच खाली ठेवली.

"वाटनीच्या वक्ताला बी तसंच. मागिटलं की दिलं. पावन्याला देत्यात तसं." त्यांनी दादांच्या घराकडे पाहिले. "भाऊ हाय न्हवं मी? भांडाय तरी यायाचं हुतं."

इतकी वर्षे या माणसाच्या शेजारी काढून, इतक्या रविवारी त्या दगडाकडे टक लावून, मला तो कोण हलवतो एवढेच शोधता आले होते. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटले, "चला, मग आपणच जाऊ भांडायला."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले, मी थट्टा करते आहे की काय म्हणून. मग उठून चपला शोधू लागले. अंगणातून रस्त्यावर येताना त्यांनी सदऱ्यावरची टरफले झटकली आणि भांडणाची वाक्ये तोंडातल्या तोंडात जुळवायला सुरुवात केली. मी त्यांच्या मागून कान देऊन चालत होते. आजारी आईची तार तीन दिवस उशिरा केलीस, हे त्यात होते. मला न विचारता बैलजोडी विकलीस, हे होते. घरातल्या एकाही भांडणात मला कधी घेतले नाहीस, हेही होते. दादांचे दार आले तरी बांधाचे नाव त्यात एकदाही आले नाही.