सेम्बावांगचा पत्ता

आम्ही जोहोरला राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी बातमी आणली, की अमुक कुटुंब सिंगापूरचं घर सोडून पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला राहायला गेलं. मी प्रसादाची ताटली सांभाळत म्हणाले, "आपण स्वस्त पेट्रोल भरायला जातो तिथे हे राहायला गेले?" सगळ्या हसल्या. पुढे दोन-तीन महिने माझं ते वाक्य बायकांच्या तोंडी होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. आता लिहायलाही लाज वाटते.

वर्षभरात नवऱ्याची नोकरी गेली. दुसरी मिळाली ती नेमकी जोहोरमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात. माझं ऑफिस सिंगापूरमध्येच, तोआ पायोहला. मधलं म्हणून आम्ही उत्तरेकडे सेम्बावांगला एक फ्लॅट पाहून आलो. बाराव्या मजल्यावरचा, छान वाऱ्याचा. भाडं ऐकलं आणि लिफ्टमधून खाली येईपर्यंत ते परवडणार नाही हे दोघांनाही कळलं. शेवटी पुलापलीकडे तिप्पट मोठं घर घेतलं. खाली पोहण्याचा तलाव, मुलीला वेगळी खोली आणि मला पहाटे साडेचारचा गजर.

पहाटे बस. मग तिकडचा सीमानाका, पासपोर्ट. जिने उतरायचे, पुन्हा बस, पूल. मग इकडचा नाका, पुन्हा पासपोर्ट, पुन्हा बस आणि शेवटी एमआरटी, म्हणजे सिंगापूरची मेट्रो. पुलावर बस अडकली की लोक उतरून चालायला लागायचे. मीही चालायचे, ऑफिसच्या सँडल पिशवीत आणि पायात जुने बूट. ऑफिसात बरेच जण तिकडूनच यायचे, चिनी, मलय, तमिळ. कुणाला त्याचं काही नव्हतं. आज रांग किती होती, एवढंच एकमेकांना विचारायचे. लाज होती ती फक्त मराठी माणसांपुढे.

आणि मराठी माणसांत सगळ्यात आधी काकूंपुढे. काकू नात्यातल्या नव्हेत, मंडळातल्या; शहराच्या पूर्वेला बेडोकला राहायच्या. काका बँकेतून निवृत्त झालेले, मुलगे दूर देशी. माझ्या बाळंतपणाला माझ्या आईला येता आलं नाही, तेव्हा काकूंनी चाळीस दिवस रोज येऊन मुलीला न्हाऊमाखू घातलं, मला डिंकाचे लाडू खायला लावले आणि माझ्या नवऱ्याला फडाफडा बोलून कामाला लावलं. त्यांची स्मरणशक्ती म्हणजे आमच्या मंडळातला दराऱ्याचा विषय होता. कुणाच्या मुलाची मुंज कोणत्या तिथीला झाली, कुणी कधी कोणती साडी नेसली होती, सगळं तोंडपाठ. घर बदललं कळताच त्यांनी फोन केला, "नवा पत्ता सांग गं, वहीत लिहून घेते."

मी फोनमध्ये पाहिलं. सेम्बावांगच्या त्या फ्लॅटचा पत्ता अजून तसाच होता. ब्लॉक, मजला, दाराचा नंबर. मी तो वाचून दाखवला. त्यांनी एकेक आकडा परत म्हणून घेतला. पत्ता खरा होता, घर खरं होतं. आम्ही तेवढे तिथे नव्हतो.

एकदा सुरुवात झाल्यावर ते अवघड नव्हतं. सेम्बावांग लांब, त्यामुळे कार्यक्रमातून लवकर निघता यायचं, आणि कुणी "घरी बोलवा की" म्हणालं तर "अहो, इतक्या लांब कुठे येता" म्हणून विषय मिटायचा. एका वाढदिवसाला कुणीतरी माझ्या मुलीला विचारलं, कुठे राहता? ती केक खाता खाता सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सेम्बावांग लाह, आँटी. ट्वेल्थ फ्लोअर. व्ह्यू सो नाइस." व्ह्यूचं मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिनं स्वतःच्या मनाने घातलं. आठ वर्षांची होती. घरी जाताना मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

काकूंकडे दर वर्षी चैत्रगौरीचं हळदीकुंकू असायचं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. बोलावलेली एक जरी सवाष्ण ओटीवाचून राहिली तरी गौर माझ्यावर रुसते, असं त्या म्हणायच्या आणि ते खरंच मनावर घ्यायच्या. दोन वर्षांपूर्वी ते हळदीकुंकू नेमकं सुट्टीच्या शनिवारी सकाळी आलं. नाक्यावर तीन तासांची रांग होती. पाच दिवस मी तो पूल ओलांडला होता, सहाव्या दिवशी जिवावर आलं. मी काकूंना मेसेज केला, मुलीला ताप आहे, येऊ शकत नाही.

दुपारी चारच्या सुमारास मुलगी खाली तलावात पोहत होती आणि मी काठावरच्या खुर्चीत बसले होते. काकूंचा फोन आला.

"कुठे आहेस गं?"

"क्लिनिकमध्ये, काकू. हिला दाखवायला आणलंय."

"क्लिनिकमध्ये पुष्कळ मुलं दिसतात. गलका ऐकू येतोय."

"हो ना, साथ आलीये."

त्या म्हणाल्या, "मी सेम्बावांगला आलेय. म्हटलं, लेकराला बरं नाही, तुला यायला जमणार नाही, तर आपणच ओटी नेऊन द्यावी. डाळही आणलीये."

काकूंचे गुडघे त्या वर्षी इतके दुखत होते, की त्या खालच्या दुकानातही काठी घेऊन जायच्या. बेडोकहून सेम्बावांग म्हणजे गाडी बदलून सव्वा तास. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. सांगायला चार शब्द पुरले असते. त्याऐवजी मी म्हणाले, "अरे देवा! काकू, आम्हाला इथे बराच वेळ लागेल. तुम्ही दाराच्या जाळीला पिशवी अडकवून जा ना."

"दाराला अडकवू?"

"हो. मी आल्यावर घेते."

"बरं," काकू म्हणाल्या. "अडकवते."

त्या रात्री मी नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती काकू नव्हत्या, हे कबूल करायला हवं. माझ्या डोक्यात डबा होता. काकूंचा स्टीलचा डबा मला परत द्यावा लागणार, आणि तो परक्या माणसाच्या दाराला लटकतोय. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून त्यात नारळाच्या वड्या घालून द्यायच्या, हेही मी ठरवून टाकलं होतं.

सोमवारी पहाटे पूल ओलांडून मी तोआ पायोहच्या आधीच सेम्बावांगला उतरले. तोच ब्लॉक, तीच लिफ्ट. दाराच्या जाळीला काही नव्हतं. बेल वाजवली. डोक्याला रुमाल बांधलेल्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या मलय बाईनं दार उघडलं. मी कोण हे सांगायच्या आतच ती आत गेली आणि फ्रिजमधून पिशवी घेऊन आली.

"यू द डॉटर, राइट? आँटी म्हणाली होती, तू येशील," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "शी सो टायर्ड लाह. अर्धा-पाऊण तास इथेच बसली होती, त्या सोफ्यावर. पाणी दिलं, चहा दिला. इथूनच तुला फोन केला."

म्हणजे मी "दाराला अडकवा" म्हणाले तेव्हा काकू त्या दाराच्या आत, परक्या बाईच्या सोफ्यावर बसल्या होत्या. बाहेर कुठेही गेल्या तरी प्यायचं पाणी घरून नेणाऱ्या काकूंनी तिच्याकडे पाणी घेतलं होतं, चहाही घेतला होता. आणि मला "अडकवते" म्हणाल्या होत्या.

ती बाई कामावर निघायच्या घाईत होती, तरी दारात थांबली. हळू आवाजात म्हणाली, "तिला एकटीला सोडू नकोस. माझ्या आईलाही असंच व्हायचं. आधी पत्ते जातात, मग नावं. तुझी आई विसरते ना?"

मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण तिनं मला इतकी चांगली पळवाट दिली होती, की मी मान हलवली. "हो," मी म्हणाले. "वय झालंय."

तिनं माझ्या हातावर थोपटलं.

ब्लॉकखालच्या बाकावर बसून मी पिशवी उघडली. डाळीचा डबा, कागदात बांधलेलं हळदीकुंकू, एक खण, आणि पिशवीत भिजवलेले हरभरे. हरभऱ्यांना मोड आले होते. मी ऑफिसला बरं नसल्याचं कळवलं, म्हणजे आणखी एक खोटं बोलले, आणि बेडोकची गाडी धरली. नारळाच्या वड्यांचा विचार तोवर डोक्यातून गेला होता.

काकूंनी दार उघडलं, पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, "बस. कॉफी करते." मी स्वयंपाकघरात त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. जोहोर, पूल, पत्ता, ताप, तलाव, सगळं. पेट्रोलचं वाक्यसुद्धा सांगितलं. त्यांनी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस तेवढा बारीक केला.

"जोहोर तर जोहोर," त्या म्हणाल्या. "आम्ही इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीत चार वर्षं काढली. त्यात लपवायचं काय, वेडे?"

मी रडायला लागले. मला वाटलं, सुटले. आता आईसारख्या रागावतील, पाठीवर हात फिरवतील आणि झालं. खरं सांगते, मला हलकं वाटायला लागलं होतं.

काकूंनी कॉफी गाळली. कप माझ्यासमोर ठेवला, स्वतःचा घेतला आणि त्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ गुडघा चोळत राहिल्या.

"त्या बाईनं मला विचारलं, कुणाकडे आलात?" त्या म्हणाल्या. "म्हटलं, मुलीकडे. मग ती म्हणाली, मुलगी कुठे राहते ते तुम्हाला माहीत नाही? तोवर तुझा फोन होऊन गेला होता. तुला खोटं पाडायचं कसं? मी सांगितलं, माझ्या हल्ली लक्षात राहत नाही. मुलीनं बरोबर पत्ता दिला होता, मीच विसरले."

मी कप खाली ठेवला.

"चांगली होती गं बाई. पण त्यानंतर ती माझ्याशी हळूहळू आणि मोठ्यानं बोलायला लागली, एकेक शब्द तोडून. माझा हात धरून स्टेशनपर्यंत आली. कुठे गाडी बदलायची ते कागदावर लिहून दिलं आणि तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मी चाळीस वर्षं राहतेय इथे." काकू हसायला गेल्या, पण ते काही जमलं नाही. "गाडीत बसल्यावर इतकं वाईट वाटलं ना. जोहोरचं नाही. याचं."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी कॉफीवर धरलेल्या सायीकडे बघत बसले.

"आज तू गेलीस तेव्हा तिनं विचारलं असेल माझ्याबद्दल," काकू म्हणाल्या. "तू तरी सांगितलंस ना तिला, की मी तशी नाहीये म्हणून?"

"हो काकू," मी म्हणाले. "सांगितलं."