चौथा कोपरा

फाटका कपडा हातात आला की आत्या आधी भांडायची आणि मग सुई उचलायची. शर्टाची बाही फाटली तर कुठं फाटली, कशानं फाटली, तेव्हा तुझं लक्ष कुठं होतं, अशी पोलीस ठाण्यात व्हावी तशी चौकशी. खोटं बोललं तर तिला फाटलेल्या जागेवरूनच कळायचं. "बाभळीनं असं फाटत न्हाय. कुणाशी झोंबलास ते सांग." एवढं वदवून घेतलं की ती चष्मा नाकावर ओढायची, दोऱ्याचं टोक जिभेला लावायची आणि सुईत ओवायची. रागात असली की दोरा पहिल्या झटक्यात आत. शांत असली की चारदा चुकायचा. नळदुर्गपासून सहा-सात किलोमीटरवरच्या आमच्या गावात लोक तिला मागं ठिगळआत्या म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा एक ट्रंक घेऊन माहेरी आली ती कायमची. मी तीन वर्षांची असताना माझी आई वारली आणि मला आणि माझ्या थोरल्या भावाला आत्यानंच वाढवलं. मायेनं वाढवलं असं म्हणायची रीत आहे. आम्हाला तिनं ओरडून वाढवलं. जेवलो नाही तर ओरडायची, जास्त जेवलो तर ओरडायची, आणि ताप आला तर सगळ्यात जास्त ओरडायची. वडिलांनी एकदा हौसेनं शिलाई मशीन आणतो म्हटलं, तर त्यांच्यावरही उखडली. मशीन फार बडबड करतं आणि मला बोलू देत नाही, असं तिचं म्हणणं होतं. घरातलं सगळं शिवणटिपण ती मरेपर्यंत हातानंच करत राहिली.

आईच्या मागं सात साड्या राहिल्या होत्या. दिवस झाल्यावर भावकीतल्या बायका त्या वाटून घ्यायला आल्या, तशी आत्या उंबऱ्यात फतकल मारून बसली आणि एकीलाही आत येऊ दिलं नाही. त्या साड्यांतून मी वाढले. आधी परकर-पोलकं, ते आखूड झालं की त्याचं दप्तर, दप्तराचे बंद तुटले की उरलेल्या कापडाची उशीची खोळ. शाळेत पोरी हसायच्या. मी रडत घरी आले की आत्या म्हणायची, "त्यांच्या अंगावर दुकान हाय, तुझ्या अंगावर आई हाय. मातीत बसू नको." मला तेव्हा त्यातलं काही कळायचं नाही, नुसती लाज वाटायची. खरं सांगायचं तर ती लाज पुढं बरीच वर्षं गेली नाही, आणि ही सगळी गोष्ट त्या लाजेचीच आहे.

भाऊ कॉलेजात गेला आणि त्याला तयार शर्टांचा नाद लागला. कॉलर विरलेला एक शर्ट त्यानं उकिरड्यावर टाकला. आत्यानं तो उचलून आणला, धुतला, चांगल्या भागाची खोळ शिवली आणि ती उशी त्याच्या अंथरुणावर ठेवली. ज्याला टाकलंस त्याच्यावरच आता डोकं ठेवून झोप, म्हणाली. भाऊ आठवडाभर उशीविना झोपला, पण बोलायची हिंमत त्याला झाली नाही.

मला तिनं आठव्या वर्षी धावदोरा शिकवला. टाका तांदळाएवढा हवा. मोठा पडला की तिचा एकच हुकूम असायचा, "उसव. परत घाल." दहा वेळा उसवलं तरी अकराव्यांदा तेच. मी सुई फेकून दिली, रडले, एकदा तर दोरा दातानं तोडून पळूनही गेले. परत आले तेव्हा ते कापड जागच्या जागी होतं आणि ती शेजारी बसलेली होती. असा राग यायचा मला तिचा! आता विचार करते, तिच्या वाट्याला काय आलं होतं? नवऱ्यानं टाकलं, भावाचा संसार निस्तरला, आणि ज्यांच्यासाठी डोळे फोडले ती पोरं तिच्या शिवणीला लाजली. ती ओरडली नसती तर काय केलं असतं?

माझं लग्न ठरलं, सासर धाराशिवचं. नोकरदार माणसं, नीटनेटकं घर. आत्यानं चार महिने घालून माझ्यासाठी गोधडी शिवली. आईच्या साड्यांचं जे जे उरलं होतं ते सगळं तिच्यात घातलं. तीन कोपरे शिवले आणि चौथा उघडा ठेवला. आमच्याकडं गोधडीचं पोट रिकामं ठेवत नाहीत. जो तिच्यात झोपणार त्यानं आपल्या घरची चिमूटभर ज्वारी शेवटच्या कोपऱ्यात घालायची आणि मग तो कोपरा बंद करायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं मला बजावलं, "सासरच्या कणगीतली ज्वारी घाल आणि चौथा कोपरा तूच शिव. टाके बारीक घाल." मी मान हलवली.

वऱ्हाड निघायच्या गडबडीत भाऊ सामान टेम्पोत चढवत होता. लोखंडी कपाट नवंकोरं. त्याला ओरखडा पडू नये म्हणून त्यानं हाताला लागली ती गोधडी कपाटाभोवती गुंडाळली आणि सुंभाच्या दोरीनं आवळली. नवं कपाट जपायला चार महिन्यांची गोधडी! मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसले. धाराशिवला कपाट उतरवलं तेव्हा दोरीनं गोधडी दोन ठिकाणी कापली गेली होती. सासूबाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, काही नाही, गुंडाळायला आणलेलं फडकं आहे. नळदुर्गचा टेम्पोवाला जब्बारभाई घडी करून ती माझ्या हातात देत होता. मी त्याला म्हटलं, असू दे, घेऊन जा तुम्ही. भावाला मी पुष्कळ दोष दिला आहे, पण त्यानं नुसती गुंडाळली. फडकं म्हणाले ती मी.

पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा आत्यानं विचारलं, ऊब येते का? मी म्हटलं, येते की. ज्वारी घातलीस का? घातली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग हातातल्या कापडाकडं पाहिलं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर ती माझ्यावर ओरडायची थांबली. पोरांचे फाटके कपडे घेऊन गेले की म्हणायची, ठेव तिथं. मुकाट्यानं शिवून द्यायची. भावाला, त्याच्या बायकोला, दूध घालायला येणाऱ्याला पूर्वीसारखाच तोंडाचा पट्टा, पण माझ्या वाट्याला एक शब्द नाही. मला वाटलं, लेक सासरी गेली म्हणून मान देते. चक्क बरं वाटायचं मला! अशी मी शहाणी. दरवर्षी थंडीच्या तोंडाला मात्र ती एकटी एसटीनं नळदुर्गला जायची. खंडोबाला जाते म्हणायची, आम्हीही मानायचो. सुईदोऱ्याची डबी देवाला कशाला लागते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आत्या गेली. तिच्या दहाव्याला जब्बारभाई आला, बरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी सना. त्याच्या काखेत ती गोधडी होती. मी ती लांबूनच ओळखली.

त्यानं सगळं सांगितलं. गोधडी त्याच्या टेम्पोत दिसल्याचं आत्याच्या कानावर गेलं होतं आणि माझ्या लग्नानंतर पंधरा दिवसांत तिनं नळदुर्गातलं त्याचं घर हुडकून काढलं होतं. दारात उभी राहून तिनं त्याला चोर म्हटलं, भामटा म्हटलं, सगळी गल्ली गोळा केली. त्यानं सांगितलं, नवरीनंच दिली. "माझी पोरगी असं करणार न्हाय," म्हणाली. मग आत गेली, तर गोधडीवर महिन्याची सना झोपलेली. आत्या तिथंच बसली. मग तिनं जब्बारभाईच्या बायकोकडं चिमूटभर ज्वारी मागितली, तिच्याच हातानं चौथ्या कोपऱ्यात घालायला लावली आणि कोपरा शिवून घेतला. दोरीनं कापलेल्या जागी आत्यानं स्वतः ठिगळं लावली. तेव्हापासून ती दर साली टाके बघायला यायची आणि सनाला शिवायला शिकवायची.

मी एवढंच विचारलं, मग ती मला काही का बोलली नाही?

"म्या बी इचारलं व्हतं, ताई," जब्बारभाई खाली मान घालून म्हणाला. "म्हनल्या, तिला काय बोलायचं न्हाय. परक्याला कोन रागवतं?"

भर माणसांत मला तिचा संताप आला. मेलेल्या माणसाचा! दाराशी येऊन तिनं झिंज्या धरायच्या होत्या माझ्या, सासूसमोर वाभाडे काढायचे होते. बटणासाठी घर डोक्यावर घेणारी बाई, आणि माझ्यासाठी तिच्याकडं एक शिवी नव्हती! नऊ वर्षं तिनं मला पाहुण्यासारखा चहा दिला आणि मी तो पीत राहिले.

जब्बारभाई गोधडी परत द्यायला आला होता. तुमच्या आईची आहे, म्हणाला. सनानं तोवर तिचं एक टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मी म्हटलं, गोधडी तिची आहे, नेऊ दे तिला. तेवढ्यात दिसलं की चौथ्या कोपऱ्याचा दोरा तुटलाय आणि दोन-तीन दाणे बाहेर आलेत. त्या वर्षी आत्याला नळदुर्गला जायला जमलं नव्हतं. मी आतून तिची डबी आणली, सुई ओवली, दाणे आत सारले आणि शिवायला बसले. कितीतरी वर्षांत मी साधं बटण लावलं नव्हतं.

सना शेजारी उकिडवी बसून बघत होती. मी शेवटची गाठ मारली, तशी तिनं कोपरा आपल्याकडं ओढला, डोळ्यांजवळ धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"टाका लई मोठा पडला," ती म्हणाली. "उसवा. परत घाला."

मी उसवलं.