अर्ध्या मॅचचा गोलकीपर

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला मी गोलकीपर झालो तो निव्वळ आळसापायी. ऑफिसातल्या मराठी आणि तेलुगू मंडळींनी रविवारची फुटबॉल टीम काढली. कॅप्टन झाला एक कोल्हापूरकर, कारण फुटबॉल आपल्याच पेठेत जन्मला अशी त्याची पक्की समजूत. मला धावायचा भयंकर कंटाळा. म्हटलं, मी नागपूरला कॉलेजात विकेटकीपर होतो. "मग झालं तर! गोलात उभा राहा, मर्दा," कॅप्टन म्हणाला. एवढ्यावर माझं सिलेक्शन.

ती दोन हजार चार-पाचची वर्षं. बायको नागपूरला, तिचा व्हिसा अडकलेला. अपार्टमेंटमध्ये आम्ही तीन रूममेट, तिघांची तोंडं तीन लॅपटॉपकडे. आठवडाभर मी माणसांशी बोलायचो ते फक्त कॉन्फरन्स कॉलवर. रविवारी सकाळी मात्र ओल्या गवताचा वास, कुणीतरी डबा भरून आणलेले पोहे, आणि दहा जण माझ्या नावानं शंख करताहेत! आजही ते आठवलं की गलबलून येतं. खोटं कशाला सांगू, त्या वर्षी रविवार नसता तर मी नोकरीवर लाथ मारून घरी पळालो असतो.

आमचे कोच म्हणजे ग्राउंडजवळच्या सँडविचच्या दुकानाचे मालक, साठीचे एक इटालियन गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते इटलीत चौदा वर्षं प्रोफेशनल गोलकीपर होते, आणि ही गोष्ट समोरच्या टीमला ऐकवल्याशिवाय आम्ही मॅच सुरू करत नसू. काकांना मात्र कुणी विचारलं, किती मॅच खेळलात, की ते म्हणायचे, "हात पुढे कर, बॉल येतोय."

मला ते तासभर आधी बोलवायचे. माझा एक रोग काही केल्या बरा होईना. विकेटकीपरचे हात बॉलबरोबर मागे जातात. क्रिकेटचा कडक बॉल, हात मागे नेले नाहीत तर बोटं मोडतील. "मागे नाही, छातीशी!" काका ओरडायचे. मी मान डोलवायचो आणि पुढचा बॉल पुन्हा मागे. त्यांच्या अंगाला कायम कॉफीचा आणि भाजलेल्या पावाचा वास यायचा. आता तिथे ते दुकान नाही, मोबाइल फोनचं आहे. मी गेलो की उगाच आत डोकावतो.

मग व्हायचं तेच झालं. एका मॅचला एक-एक अशी बरोबरी, शेवटची दोन मिनिटं, आणि लहान मुलाला टाकावा तसा एक मऊ शॉट माझ्याकडे आला. मी गोललाइनवर उभा. काय देखणा कॅच घेतला म्हणता! हात अलगद कमरेमागे नेले, आणि मग बॉल उंच धरून चक्क अपीलसुद्धा केलं. रेफरीनं शिट्टी मारली. कॅच घेताना बॉल मी पूर्ण रेषेच्या आत नेला होता. गोल! आम्ही हरलो.

"अरे देवा, स्वतःच्या हातानं वाढून दिलंस की रे!" कॅप्टन डोकं धरून खाली बसला.

पार्किंग लॉटमध्ये सगळे सामान गाड्यांत भरत होते. टेस्टिंगमधला एक सहा फुटी तेलुगू गडी नवीन आला होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळलेल्या मला दिसल्या आणि माझं टाळकं सटकलं. "घ्या ना त्याला," मी म्हटलं. "माझं काही नाही. तसाही मला रविवारी वेळ नसतो." आता असं म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं? समोरचा म्हणतो, छे छे, असं कसं, तूच हवास. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा पानात पडू द्यायचं, याच रीतीत आपण वाढलो. पण कॅप्टन दमला होता. "बरं, बघू मग तसं," म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला. बाकीचेही गेले. मी गाडीत बसून बावळटासारखा रडलो.

काचेवर टकटक झाली. काका होते. मला दुकानात घेऊन गेले, कॉफी दिली.

"तुला सोडायचंय?"

"नाही."

"मग सोडतो असं का म्हणालास?"

मी त्यांना आग्रह म्हणजे काय ते इंग्रजीत समजावायला लागलो. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"चौदा वर्षांत मी अर्धी मॅच खेळलो," ते म्हणाले. "चौथ्या वर्षी मुख्य गोलकीपरला ताप आला म्हणून मला उतरवलं. पहिलाच शॉट हातातून निसटला. हाफ टाइमला कोचनं विचारलं, थांबतोस का? मी हसून म्हणालो, हो, माझं काही नाही. वाटलं, तो म्हणेल, छे, खेळ तू. पुढची दहा वर्षं मी दर रविवारी दाढी करून, ग्लव्ह्ज घालून बाकावर बसलो. कोच बदलले, क्लब बदलले. मला खेळायचंय, असं मी एकालाही म्हणालो नाही."

असे मानी फक्त आम्हीच, असा माझा समज होता.

पुढच्या रविवारी मी ग्राउंडवर गेलो. टीम बूट चढवत होती. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. "ऐका, मागच्या वेळी मी खोटं बोललो. मला गोलात उभं राहायचंय. मला हवंय." लाजेनं कान तापले.

कॅप्टननं बुटाच्या नाड्यांवरून मानसुद्धा वर केली नाही. "मग आधी बोलायचं की, मर्दा! आम्हाला वाटलं तुलाच नकोय. जा, उभा राहा." तेलुगू गड्यानं तर सुटलो म्हणून हातच जोडले.

काकांना कॅप्टनचं मराठी कळलं नव्हतं. "काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच, काका."

ते आणखी एकदा हळूच "एवढंच" म्हणाले आणि पाठ फिरवून कुंपणाकडे चालत गेले. वॉर्म-अप सुरू करायचा म्हणून मी बोलवायला गेलो, तेव्हा ते रडत होते.