भरताच्या पंगतीतले खून

आमच्या साडूंनी आजवर एकोणीस खून केले आहेत आणि त्यांतला एकही चाकूने केलेला नाही. चाकू, कुऱ्हाड वगैरेंना ते 'अडाण्यांची हत्यारं' म्हणतात. त्यांच्या कादंबऱ्यांत माणूस मरतो तो वायूने, बुरशीने, नाहीतर विजेच्या उलट्या जोडणीने. धुळ्याच्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून भर रस्त्यात थबकणारा हा गृहस्थ आता जळगावात रोज सकाळी सात वाजता चहाबरोबर माणसं मारायला बसतो. हे सगळं सुचतं कसं, असं मी एकदा विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "साडूभाऊ, एखादी गोष्ट मला नीट कळली नाही ना, की मला खून सुचतो." तेव्हापासून मी त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगतो.

स्वतः करून पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा त्यांचा बाणा. एका कादंबरीतला खुनी बर्फाचा खंजीर वापरणार होता. साडूंनी भर मे महिन्यात तसा खंजीर गोठवला, रुमालात गुंडाळला आणि आपण खुनीच असल्यासारखे घरून स्टेशनकडे निघाले. निम्म्या वाटेत हातात ओला रुमाल उरला. परत येऊन त्यांनी ते प्रकरण फाडलं आणि म्हणाले, "जळगावात हा खून जानेवारीतच शक्य आहे." त्यांच्या फ्रिजमध्ये डावीकडे ताईंचं, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीचं राज्य आणि उजवीकडे यांच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीवर 'विष नाही' अशी चिठ्ठी. पाहुणे त्या घरी ताकही पीत नाहीत, ते उगाच नाही. आठव्या कादंबरीसाठी तर ते केळी पिकवायच्या बंद खोलीत स्वतःला कोंडून घेऊन बसले. बाहेर घड्याळ धरून मी, आणि दाराला कान लावून ताई. पंधरा मिनिटांनी बाहेर आले ते एवढंच म्हणाले, "भूक लागली."

पण त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे जळगावजवळच्या असोद्याची भरीत पार्टी. थंडीत एखाद्या रविवारी शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायला टाकतात, आणि ती भाजेपर्यंत साडू नव्या कादंबरीचं वाचन करतात. ऐकायला केळीबागांत आणि गोदामात राबणारी मंडळी. नियम असा, की वाचन चालू असताना कुणी पाणी प्यायला उठलं, तर ते पान रद्द. एका वर्षी मिरची जरा जास्त पडली होती, तेव्हा सबंध तीन प्रकरणं गेली. साडूंनी हूं की चूं केलं नाही.

त्या आठव्या कादंबरीवर मात्र सगळंच पणाला लागलं होतं. आधीच्या सातही पुण्याहून साभार परत आल्या होत्या. एका प्रकाशकाने कळवलं होतं, की केळीच्या गोदामात थरार कसा घडणार, गोष्ट परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत न्या. साडू म्हणाले, "परदेशात मी कोंडून घ्यायला जाऊ कुठे?" हसत म्हणाले खरं, पण त्याच दिवशी ताईंना सांगून टाकलं, की ही आठवी परत आली तर लेखणी बंद. फ्रिजची उजवी बाजू मिळावी म्हणून कधीच्या टपून बसलेल्या ताई हे ऐकून स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

त्या रविवारी साडूंनी वाचायला सुरुवात केली. केळी पिकवायच्या खोलीत एका शास्त्रज्ञाला कोंडून मारतात आणि प्रेत चार दिवस कुणाला सापडत नाही, अशी गोष्ट. कुणी पाण्याला उठलं नाही. साडूंचा आवाज चढत गेला. तेवढ्यात अक्का बोलल्या. या अक्का अशाच एका गोदामात केळी निवडायच्या कामाला, अक्षराशी त्यांची ओळख नाही. वांगं उलटता उलटता म्हणाल्या, "मास्तर, हा मानूस चार दिवस सापडत कसा नाही? त्या खोलीचं दार तं रोज उघडा लागते, हवा बदल्याले. दार नाही उघडलं तं केळी पिवळी होतच नाही, हिरवीच राह्यते."

पंधरा मिनिटं आत बसून आलेल्या माणसाला रोजचं दार ठाऊक नव्हतं! साडूंनी वही मिटली. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्याच क्षणी ते ताडकन उठले आणि धुळ्याच्या बोलीत ओरडले, "अक्का, आते बठ्ठं बरोबर शे!" म्हणजे आता सगळं बरोबर जुळलं. ज्याच्याकडे दार उघडायचं काम, तोच खुनी. रोज दार उघडलं म्हणून तो शपथेवर सांगतो आणि हिरवी राहिलेली केळी त्याला खोटं पाडतात. तिथेच, काड्यांच्या धुरात, त्यांनी शेवटचं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं. भरीत आम्ही खाल्लं.

कादंबरी छापून आली. नुसती आली नाही, गाजली. तिच्या पाठोपाठ साभार परत आलेल्या सातही जणी मानाने छापल्या गेल्या. पारोळ्यापासून यावलपर्यंत एसटीत लोकांच्या हातात साडू दिसू लागले. धुळ्यात सत्कार झाला, तेव्हा त्यांनी शाल घेतली आणि तिथल्या तिथे अक्कांच्या खांद्यावर घातली. अक्का लाजून म्हणाल्या, "मी तं केळीचं बोलली होती." टाळ्या थांबेनात. माझा ऊर असा भरून आला, की जणू ते सगळे खून मीच केले होते.

या थंडीत पुन्हा असोद्याला गेलो. साडूंनी नवी कादंबरी वाचली. कुणी उठलं नाही, खोकलंही नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतताना गावाबाहेर साडूंनी स्कूटर हळू केली. मग म्हणाले, "साडूभाऊ, मी मुद्दाम एक चूक घातली होती. एकाच केळीला दोनदा घड लागलेला दाखवला. खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही कळेल, केळ एकदाच विते. कुणी बोललं नाही हो."

मला राहवलं नाही. हात धुताना अक्का माझ्या कानाशी जे म्हणाल्या होत्या, ते मी सांगून टाकलं. "दिसलं तं. पन मास्तर आता मोठा मानूस झाला, त्याले चार लोकांत कसं बोलू?"

साडूंनी स्कूटर कडेला थांबवली. चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

"पुढच्या वर्षी तुम्ही वाचा," ते म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय म्हणून सांगा. तुम्हाला अक्का सोडणार नाहीत."