ज्याचा आजार, त्याला सांगा

आत्या पेशंटच्या मुलाला बोलूच द्यायच्या नाहीत. बनारसच्या आमच्या हॉस्पिटलात म्हातारी माणसं मुलाचा दंड धरून येतात आणि तोंड उघडतो तो मुलगाच. "आप रुकिए," आत्या त्याला दटावायच्या आणि आजोबांकडे वळायच्या. "हां दादा, आप बताइए." त्या आमच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टर, सगळे त्यांना आत्याच म्हणायचे; म्हाताऱ्यांशी कसं बोलावं, हे त्या आम्हा शिकाऊ डॉक्टरांना आणि नर्सना शिकवायच्या. "ज्याचा आजार, त्याला सांगा. जीव त्याचा आहे," हे त्यांचं ठाम मत.

वर्गात मराठी मी एकटी, पण हिंदीवाल्यांच्याही त्या आत्याजीच. बाई भारी तिखट! कुणी पुटपुटलं की म्हणायच्या, "मंत्र म्हणतोस का?" कुणी ओरडलं की, "हळू! म्हातारी आहे ती, आरोपी नाही."

बालाजी घाटाजवळच्या एका मराठी आजींची साखर काही उतरेना. 'जेवणानंतर एक गोळी,' असं दर वेळी बजावलं जायचं आणि आजी मान डोलवायच्या. आम्ही डोस वाढवायला निघालो, तर आत्यांनी विचारलं, "आजी, दिवसभरात काय काय खाता?"

"अगं, मी एकभुक्त. दुपारी काय ते एकदाच."

म्हणजे दोनदा घ्यायची गोळीही एकदाच! आत्यांनी औषध बदललं आणि आम्हाला जे काही झापलं, ते विचारू नका.

गेल्या वर्षी आत्यांचेच रिपोर्ट माझ्या हातात आले. कॅन्सर, तोही पसरलेला. त्यांच्या मुलानं मला खोलीच्या दारातच गाठलं. "ताई, प्लीज, आईला मत बताना. खचून जाईल ती." विभागातले बाकीचेही म्हणाले, राहू दे आत्ता. तरी मी आत गेले, त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. कॅन्सर आहे म्हटलं. बरा होणार नाही, हेही म्हटलं.

आत्या म्हणाल्या, "भीती वाटतेय गं. हात धर माझा."

मी धरला. मला रडू आवरेना.

थोड्या वेळानं त्यांनी मुलाला आत बोलावलं आणि स्वतःच सांगितलं, "केमो नको. मला घरी ने." उरलेले दिवस त्या घरीच होत्या, भेटायला येणाऱ्यांना दटावत, हसत, कधी रडत. गेल्याही घरीच.

परवा त्यांचा मुलगा भेटला. म्हणाला, "ताई, तेव्हा तुमचा फार राग आला होता मला. पण आईशी सगळं बोलून झालं माझं."