टार्गेट बदलणारी

पाठीत काहीतरी सणकन घुसलं. मी टार्गेटचा नवा कागद लाकडी चौकटीला चिमट्याने लावत होते. आधी वाटलं गांधीलमाशी चावली. हात मागे नेला तर बोटांना रक्त. आणि मागून टाळ्या.

टाळ्या ज्याने छर्रा मारला त्याच्यासाठी होत्या. मुंबईहून आलेला, माझ्याच वयाचा, एअरगन जन्मात पहिल्यांदा हातात धरलेली. सकाळपासून त्याचा एक छर्रा कागदाला लागला नव्हता. त्याचा मित्र ओरडला, "चलो, कुछ तो लगा इसका!" सगळे हसले. बायासुद्धा हसल्या.

कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला रिसॉर्ट आहे, तिथली ही रेंज. सुट्टीच्या दिवशी पाहुणे येतात, बंदूक चालवून बघतात. मी तिथे टार्गेट बदलायला होते. नियम साधा. पाहुण्यांनी बंदुका टेबलावर ठेवायच्या, मॅनेजरने लाल झेंडा वर करायचा, मग मी पुढे जायचं. झेंडा वर असेपर्यंत बंदुकीला कुणी हात लावायचा नाही. झेंडा त्या दिवशी वरच होता. पण पाहुण्यांना "बंदूक खाली ठेवा" म्हणायला मॅनेजरची जीभ रेटत नसे. ते एकमेकांवर नेम धरून फोटो काढत, हा बाजूला उभा राहून हसत असे.

मॅनेजर दहिवलीचा, शेतकऱ्याच्या घरचा. धावत आला, पण आधी पाहुण्याकडे गेला. "सर, कुछ नहीं, होता है." मग मला बाजूला घेतलं. "काय झालं नाय गं. नवीन हायत, शिकतायत. जरा हस, पाव्हणे घाबरलेत."

रक्त माझं, आणि घाबरले पाव्हणे.

मग छर्रा मारणाऱ्या त्या पाहुण्याला फोटो हवा झाला. "आंटी, इधर आओ ना." माझ्याच वयाचा माणूस, मला आंटी म्हणाला. त्याने बंदूक खांद्यावर घेतली, माझ्या हातात तो कोरा कागद दिला. मी हसले. दात दिसतील इतकी हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते. छर्रा परवडला.

कशेळ्याच्या दवाखान्यात छर्रा काढला. डॉक्टरीण म्हणाली, "मागे वळली असतीस तर डोळा गेला असता." नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गप ऱ्हा. काम जाईल." तो वाईट नाही, भ्यालेला आहे. मीही भ्यालेच होते. आमच्या ठाकरवाडीला दुसरं काम म्हणजे वीटभट्टी. शेजारणींना सांगितलं, पाठीला काटा लागला. पालथी झोपायची आणि गप्प राहायची.

तसं पडल्या पडल्या बाप आठवायचा. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी पिकली की पाखरं तुटून पडायची. बाप माळ्यावर गोफण घेऊन उभा राहायचा. पण दगड सोडायच्या आधी हाक द्यायचा, "पुढं कोन हाय?" खालून "मी हाय" आलं की गोफण खाली. माणूस बाजूला झाला की मग दगड. तोवर पाखरं कणसं खाऊन जायची, आई करवादायची. बाप म्हणायचा, "खाऊ दे. दाना परत पिकंल." वाडीत सगळेच हाक देत. गोफण हातात घेतली की तोंडातून हाक निघायचीच. आमच्या घरी दाण्याचा तोटा असायचा, तरी कुणी माणसावर दगड सोडला नाही. हे आठवलं आणि माझी भीती गेली असं नाही. पण राग आला. इतका की पालथं पडवेना.

पुढच्या रविवारी गेले. नवे पाहुणे. झेंडा वर झाला. मॅनेजर म्हणाला, "जा." एका मुलीच्या हातात बंदूक तशीच, बोट घोड्यावर, तोंड मैत्रिणीकडे. मी जागची हलले नाही.

"बंदूक टेबलावर ठेवायला सांगा. मग जाते."

"तू शिकवनार पाव्हण्यांना?"

"तुमी सांगा. नाय तर मी जानार नाय."

तो हळू आवाजात म्हणाला, "तुझ्यासारख्या धा मिळतील." मी टार्गेटचे कागद त्याच्या पायाशी ठेवले आणि घरी आले.

खोटं बोलला नव्हता तो. शनिवारी त्याची जीप वाडीत आली. माझ्या जागी बाई हवी होती. आणि जीपमध्ये चढून बसली होती माझीच धाकटी नणंद. मला बघून तिने मान खाली घातली. "वयनी, घरात काय नाय गं." तिचं खोटं नव्हतं. तिच्यावर रागावले असते तर मी कसली माणूस?

मी पदर काढला. भर उन्हात, पुरुषमाणसं बघत असताना, ब्लाउज खांद्यावरून खाली ओढला. "काटा नव्हता," मी म्हणाले. "बंदूक हातात घेऊन हसत होते, त्यांनी मारलंय. बघ. हात लावून बघ."

तिने हात लावला. मग जीपमधून उतरली.

ड्रायव्हर म्हणाला, "तुझ्यापायी वाडीचं काम जाईल." जाईल. मला ठाऊक आहे. आज नणंदेच्या चुलीवर काय शिजेल ते मला ठाऊक नाही, आणि ते ओझं माझ्यावर आहे. तरी मी निरोप दिला, "बंदुका टेबलावर दिसल्या तर आमी पुढं जाऊ. नाय तर टार्गेटं तुमच्या मॅनेजरला बदलू दे."

जीप वरच्या वाडीकडे वळली. तिथे आमच्याहून जास्त गरिबी आहे, तिथली बाई लगेच चढेल. रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. पायवाट सरळ चढते. मी चपला घातल्या आणि जीपच्या आधी पोचायला रानातून वर निघाले. तिथेही जखम उघडी करणार होते. जिथे जिथे ती जीप बाई शोधत जाईल, तिथे तिथे करणार आहे.