वरच्या बाकावर ठरलेली यादी

"पंचवीस संघ मावतात तुझ्या भिंतीवर, आणि पोटच्या पोरीचा एक मावत नाही?" व्हर्नानं लाटणं ओट्यावर आपटलं. पिठाचा धुरळा वायनोच्या कॉफीत पडला.

"बायकांचा खेळ वेगळा," वायनो कॉफीतलं पीठ चमच्यानं काढत म्हणाला. "त्यात धक्काबुक्की चालत नाही."

"चालत नाही? मग तिचे पुढचे दोन दात काय आपोआप गळले?"

"हळू बोल. ती वर झोपलीय."

"झोपलीय कसली! ऐकतेय."

"ऐकतेय मी," वरून मार्लिसचा आवाज आला. "आणि मला काही फरक पडत नाही."

"बघ. तिला फरक पडत नाही," वायनो म्हणाला.

व्हर्नानं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यानं पीठ पडलेली कॉफी तशीच पिऊन टाकली.

हौताला कुटुंबाचं घर आमच्या समोरच आहे. मध्ये फक्त रस्ता आणि जानेवारीत रस्त्याच्या दोन्ही कडांना छातीएवढा बर्फ. तरी त्यांची भांडणं आम्हाला नीट ऐकू येतात. आमच्या टॅमरॅक गावात लोक खिडक्या घट्ट लावतात, पण तोंडं लावत नाहीत.

वायनोनं कॉलेजच्या रिंकवर, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानावर, चाळीस वर्षं बर्फ घासायचं यंत्र चालवलं. हॉकीच्या सामन्यात दोनदा मध्यंतर होतं. तेव्हा आम्ही सगळे हॉट डॉग आणायला पळायचो आणि वायनो एकटा त्या ट्रॅक्टरसारख्या धुडावर बसून मैदानाला फेऱ्या मारायचा. पात्यानं वरचा खरवडलेला थर काढायचा, मागून गरम पाणी सोडायचं, बर्फ पुन्हा आरसा. सामना चालू असताना तो कधी बघायचा नाही. मागच्या खोलीत यंत्राची पाती घासत बसायचा. त्याचं म्हणणं, खेळाडू खोटं बोलतात, प्रशिक्षक खोटं बोलतात, गुणफलकसुद्धा अर्धं खोटं बोलतो. बर्फ बोलत नाही. कुठल्या संघानं कुणाच्या गोलसमोर किती वेळ तळ ठोकला, कोण कडेकडेनं पळत होता, कोण मधून घुसत होता, हे तो खेळाडूंच्या बुटांच्या पात्यांनी पडलेल्या ओरखड्यांवरून सांगायचा आणि ते खरं निघायचं. एकदा त्यानं एका प्रशिक्षकाला मध्यंतरातच सांगितलं होतं की तुमचा सतरा नंबरचा डाव्या पायावर जोर देत नाहीये. डॉक्टरांना ते चार दिवसांनी कळलं.

म्हणून यादी त्याची. आजवरचे सगळ्यात थोर पंचवीस कॉलेज संघ. आमचे, बॉस्टनकडचे, कोलोरॅडोचे, कुणाचेही. अट एकच, तो संघ वायनोच्या बर्फावर येऊन खेळलेला असला पाहिजे. जो आलाच नाही तो संघ झालाच नाही. देशात कुणी काय काय जिंकलं असेल, त्याच्याशी टॅमरॅकला देणंघेणं नाही.

ही यादी परसातल्या सौनाच्या, म्हणजे फिनलंडच्या पद्धतीच्या लाकडी वाफखोलीच्या, आतल्या भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेली आहे. तिच्यात बदल करायचा तर आतच करायचा, शनिवारी, शेगडी पेटलेली असताना. ज्याला बदल हवा त्यानं वरच्या, सगळ्यात तापणाऱ्या बाकावर बसायचं, ज्याचा विरोध त्यानं शेजारी. तापलेल्या दगडांवर पाणी पडत राहणार आणि वाद चालू राहणार. जो आधी खाली उतरेल त्याचं म्हणणं संपलं. तेव्हा हे पंचवीस संघ जितके खेळानं ठरलेत तितकेच कातडीनं. तिसऱ्या क्रमांकावर बहात्तर सालचा आमचा संघ आहे. त्या संघातून शेजारचा ऑरिन पास्को स्वतः खेळायचा, आणि अठ्ठ्याऐंशी साली तो त्या जागेसाठी एवढा वेळ वर बसला की बाहेर येऊन बर्फात उताणा पडला. त्याच्या बायकोनं आधी पाद्र्याला फोन केला, मग डॉक्टरला.

मार्लिस दोन हजार चारच्या बायकांच्या संघात होती. त्या वर्षी त्या पोरी रिंकवर एकही सामना हरल्या नाहीत. आज ती बेचाळीस वर्षांची आहे, दोन तासांवरच्या गावी रस्त्यावरचा बर्फ लोटणारा ट्रक चालवते. दर महिन्याला घरी येते, बापाशी हवामानावर बोलते, आईच्या चार पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, खाते आणि अंघोळ वरच्या नळाखाली कोमट पाण्यानं करते. वीस वर्षांत ती सौनात गेलेली नाही. फिनलंडच्या रक्ताच्या माणसानं असं करणं म्हणजे आमच्याकडे धर्म सोडल्यासारखं. का, ते घरात कुणी विचारत नव्हतं. भिंत सगळ्यांनाच माहीत होती.

आणि आता कॉलेज रिंकचं नवीन दार बांधत होतं. दाराशी ओकच्या फळीवर वायनोची यादी कोरून लावायची ठरली. कोरणारा माणूस सोमवारी यादी न्यायला येणार होता. पेन्सिलीचं एक वेळ पुसता येतं. ओकचं काय करणार?

शनिवारी तीन वाजता ऑरिन पंचा गुंडाळून नेहमीप्रमाणे हजर झाला. दोघं वरच्या बाकावर बसले. पुढचं मला ऑरिननं सांगितलं, तेव्हा त्यातलं थोडं तुम्हीच कमी करून घ्या.

दार उघडलं आणि व्हर्ना आत आली. अंगात जुना निळा पोहण्याचा पोशाख, हातात पाण्याची बादली.

"व्हर्ना!" ऑरिननं छताकडे मान वळवली. "अगं, ही पुरुषांची वेळ आहे."

"मग जा बाहेर. सरक."

ती वर चढली, दोघांच्या मध्ये बसली आणि बादलीतलं निम्मं पाणी दगडांवर ओतलं.

ऑरिन छताकडे बघत चार मिनिटं टिकला. गरमीचं काही नाही, मान अवघडली, असं तो शपथेवर सांगतो. तो उतरून बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत आला आणि दाराला कान लावून बसला.

"कोण मावत नाही म्हणालास?" आतून व्हर्ना.

"मी पोरींचे सामने बघितलेले नाहीत. न बघितलेल्या संघाला नंबर कसा देऊ?"

"ऑरिनचे बघितलेस?"

वायनो बाकावर सरकल्याचा आवाज.

"कुठल्या एका संघाचा सामना बघितलास चाळीस वर्षांत? पाती घासत बसायचास. पोरींच्या मध्यंतरात बर्फ कुणी घासला? मी?"

पाणी ओतल्याचा आवाज. वायनो खोकला.

"उतर," व्हर्ना म्हणाली. "मला घाई नाही. मी सत्तावीस वर्षं कॉलेजच्या खानावळीत भांडी धुवायच्या यंत्रापाशी काढली. ही वाफ म्हणजे मला गार वारा."

आत नुसते दगड चुरचुरत राहिले. ऑरिनला वाटलं, मेला की काय. पाद्र्याचा नंबर त्याला पाठ आहेच.

मग वायनोचा आवाज आला, हळू. "त्यांच्या शेवटच्या सामन्यात दुसऱ्या मध्यंतराला मी यंत्र काढलं. समोरच्यांच्या गोलपुढे बर्फ खाटकाच्या ठोकळ्यासारखा झाला होता. तीन वेळा पातं फिरवलं. आणि आपल्या गोलपुढे काहीच नाही. गोलकीपर पोरीच्या एका जोडी बुटांचे तेवढे ओरखडे. वीस मिनिटांत कुणी तिथं पोचलंच नव्हतं. असा बर्फ मी आधी दोनदाच बघितला होता."

"मग?"

"मग काय. बापानं पोरीला नंबर दिला म्हणाले असते. ऑरिननं पहिल्यांदा म्हटलं असतं. मग बाकीचे चोवीस तरी कोण खरे मानणार?"

"म्हणजे तुझी यादी खरी राहावी म्हणून तू खोटी यादी लिहिलीस," व्हर्ना म्हणाली. "वीस वर्षं. आणि ती पोर कोमट पाण्यानं अंघोळ करतेय."

यानंतर पाणी पडल्याचा आवाज आला नाही. लाकडी पायरी करकरली. ऑरिनच्या मते हौतालाच्या सौनात वायनो आधी उतरल्याची ही पहिलीच वेळ. मग बराच वेळ भिंतीवर काहीतरी घासल्याचा आवाज येत राहिला.

स्वयंपाकघरात मार्लिस उभ्याउभ्या पेस्टी खात होती. वायनो आत आला तेव्हा उकडलेल्या बिटासारखा दिसत होता. त्याच्या मागं व्हर्ना, तिच्या मागं पंचा सावरत ऑरिन.

"तिसरा," वायनो पोरीला म्हणाला. "दोन हजार चार, बायका. तिसरा नंबर."

"तिसरा?" ऑरिनचा आवाज चिरकला. "अरे, तिसरा माझा आहे!"

"चौथा झाला तुझा."

"बर्फात मरता मरता वाचलो होतो मी त्यासाठी! आणि हा पोरीचा बाप!"

"वाटलंच होतं तू असं म्हणशील," वायनो म्हणाला. "म्हण. गावभर म्हण. पेस्टी घे."

ऑरिननं पेस्टी घेतली. तो रागावला की जास्त खातो.

मार्लिस मात्र खायची थांबली होती. तिनं बापाकडे पाहिलं, मग त्याच्या कानामागं खोचलेल्या पेन्सिलीकडे.

"दुसरा कोण आहे?" तिनं विचारलं.

"एक्क्याण्णवचे बॉस्टनवाले."

"त्यांच्या गोलपुढचा बर्फ कसा होता?"

"होते थोडे ओरखडे," वायनोनं कबूल केलं. "पण ते—"

"थोडे म्हणजे?"

"सात-आठ."

मार्लिसनं हातातली पेस्टी आईच्या ताटलीत ठेवली. खुंटीवरचा पंचा ओढला, बापाच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि परसाचं दार उघडलं. बाहेरची थंडी सरळ ओट्यापर्यंत आली.

"शेगडीत लाकडं घाला," ती म्हणाली. "मी दुसऱ्या नंबरसाठी बसतेय. कुणाची हरकत असेल त्यानं वर यावं."